शंभरातले सात

शुक्रवारची नमाज आटोपून रिफअत मन्सूरा शहरातल्या इस्पितळात परत आला, तेव्हा त्याच्या आईला अतिदक्षता विभागात हलवून एक दिवस झाला होता आणि त्याच्या बायकोशी कुणी बोलत नव्हतं.

बाहेरच्या दालनात खुर्च्यांच्या दोन रांगा समोरासमोर होत्या. एका रांगेत त्याची बहीण सुहैर. शाळेत मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत बसावं तशी, पाठ ताठ, पर्स मांडीवर. तिच्या शेजारी धाकटा वाएल, सकाळीच कैरोहून आलेला, वकिलाचा काळा सूट अजून अंगात. समोरच्या रांगेत अगदी टोकाला, भिंतीला खेटून, इनास. तिच्या बाजूच्या सहा खुर्च्या रिकाम्या. रिफअत दारातच थबकला. कुठेही बसलो तरी त्याचा अर्थ लावला जाणार, हे त्याला कळत होतं. तो बसलाच नाही. खिडकीशी जाऊन उभा राहिला.

"काही कळलं?"

"लघवी कमी होतेय. श्वास जड आहे, प्राणवायू वाढवलाय," सुहैर म्हणाली. "बाकीचं तुझ्या बायकोला विचार. तिला आधीपासूनच सगळं कळत होतं."

इनास दमिएत्ताच्या सरकारी दवाखान्यात सोळा वर्षं नर्स होती, आणि घरात हे तिच्या विरोधात जायला आता पुरेसं होतं. तीन आठवड्यांपूर्वी वाएलच्या मुलीच्या बारशाला सासूबाई नफीसा हट्टाने चुलीपुढे बसली होती. चार बदकं, पोटात कांदा ठासून भरलेली, तिने स्वतःच्या हातांनी भाजली आणि सगळ्यांबरोबर जेवली. त्या रात्रीपासून उजव्या बरगडीखाली कळ यायला लागली. मग डोळे पिवळे झाले, लघवी चहासारखी. गेल्या रविवारी हुडहुडी भरून ताप चढला, तेव्हा इनासने कुणाचं न ऐकता सासूला गाडीत घातलं आणि मन्सूराला आणलं. पित्ताशयातले खडे निसटून पित्ताच्या नळीत अडकले होते आणि तिथे पू व्हायला लागला होता. मंगळवारी दुपारी डॉक्टर वग्दींनी तोंडातून दुर्बीण घातली, नळीचं तोंड थोडं कापून वाट मोकळी केली, निघाले तेवढे खडे काढले आणि निचरा राहावा म्हणून आत एक प्लास्टिकची नळी ठेवली. मंगळवारी संध्याकाळी नफीसाला पोटात असं दुखायला लागलं की ती पलंगाचा दांडा सोडेना. स्वादुपिंड सुजलं होतं. बुधवारी ते आणखी बिघडलं, गुरुवारी श्वास लागला.

"बाई आपल्या पायांनी आत गेली," वाएल हळू आवाजात म्हणाला. वकील असल्यामुळे तो रागावला की आवाज खाली आणायचा. "खडे काढायला गेले आणि दुसराच अवयव दुखावून आले. मी फाइलची प्रत मागितलीय. तक्रार करायची तर लवकर केलेली बरी."

"कुणी दुखावला नाही," टोकाच्या खुर्चीतून इनास म्हणाली. "पित्ताची नळी आणि स्वादुपिंडाची नळी एकाच तोंडाने आतड्यात उघडतात. एकीत शिरताना दुसरीला धक्का बसतो, ती सुजते. चांगल्यातल्या चांगल्या हातूनही होतं."

"होतं ना?" सुहैर तिच्याकडे वळली. "मग हे मंगळवारी का नाही सांगितलंस? मी सकाळी नऊला शाळेतून फोन केला होता. मला काय सांगण्यात आलं? किरकोळ आहे, टाकासुद्धा नाही, संध्याकाळी आई सूप पिईल."

"ते मी नव्हतं सांगितलं."

"तू शेजारी होतीस. तुला माहीत होतं की नव्हतं?"

"माहीत होतं."

"मग लपवलंस."

 इनासने आपल्या हातांकडे पाहिलं. खिडकीतून रिफअत नाईलवरचा पूल बघत होता, आणि पुलावरून जाणाऱ्या गाड्या मोजाव्यात तसा बघत होता.

*

एका वाक्यात सुटका होती. इनासला ते वाक्य तोंडपाठ झालं होतं. तीन दिवस ते जिभेवर घेऊनच ती वावरत होती.

सोमवारी संध्याकाळी, याच इस्पितळाच्या जिन्यावर, तिने नवऱ्याला सगळं समजावून सांगितलं होतं. दुर्बिणीशिवाय गत्यंतर नाही, पण त्यामुळे स्वादुपिंड सुजू शकतं. बहुतेकांचं चार दिवसांत उतरतं, काहींचं उतरत नाही. "अबला सुहैरला आजच सांग," नणंदेला मानाने 'अबला', म्हणजे ताई, म्हणत ती म्हणाली होती, "वाएललाही सांग. मी सांगितलं तर त्यांना वाटेल, सून घाई करतेय." रिफअत म्हणाला, सांगतो. आणि मंगळवारी सकाळी बहिणीचा फोन आला तेव्हा तो सूपाबद्दल बोलत होता.

तिला त्याचा राग आला होता. अजूनही होता. पण या दालनात, काळा सूट घातलेल्या दिरासमोर ती ते वाक्य बोलली असती, तर पुढचा प्रश्न आपोआप आला असता. कागदावर सही तर झाली ना? मग त्यात तर सगळं छापलेलं असतं. आणि त्या प्रश्नाचं उत्तर फक्त तिला ठाऊक होतं. लग्नानंतरच्या तिसऱ्या आठवड्यात रिफअतने तिच्याकडून शपथ घेतली होती. तेव्हापासून त्याच्या लाकूडकामाच्या कारखान्याची प्रत्येक चिठ्ठी, मुलांच्या शाळेची प्रत्येक नोटीस तीच वाचत आली होती, दार लावून.

म्हणून ती गप्प बसली. 

एका परिचारिकेने वाएलला पाकीट आणून दिलं. त्याने कागद काढले, एक एक मागे टाकत गेला, आणि एकावर थांबला.

"हे बघ. संमतीपत्र." तो वाचू लागला. "स्वादुपिंडाचा दाह, रक्तस्राव, आतड्याला छिद्र, जंतुसंसर्ग, क्वचित मृत्यू. याची मला कल्पना देण्यात आली आहे." त्याने मान वर केली. "खाली सही तुझी आहे, अबेह. रिफअत अब्दुल-गवाद. तू हे वाचलंस?"

थोरल्या भावाला 'अबेह' म्हणायची रीत दमिएत्तात आता मागे पडली होती, पण या घरात टिकली होती. वाएल ती भांडतानाही मोडत नसे.

रिफअत खिडकीपासून वळला. "नाही वाचलं."

"न वाचता सही केलीस?"

"वाचलं नाही, पण ऐकलं. डॉक्टरांनी तोंडी सांगितलं. शंभरातल्या सात जणांना असं होतं म्हणाले, आईचं वय बघता कदाचित थोडं जास्त." तो थांबला.  "आणि इनासने आदल्या दिवशीच सांगितलं होतं. म्हणाली, अबलाला कळव, वाएलला कळव. मी कळवलं नाही. तीन दिवस तुम्ही तिला बोलताय आणि मी पूल बघत उभा आहे."

दालनात दुसऱ्या कुणाची तरी मावशी डब्यातलं अन्न वाढत होती. तिचाही हात थांबला.

"का?" सुहैरने विचारलं. तिचा आवाज अगदी लहान झाला होता.

"तू थांबा म्हणाली असतीस."

"असतेच म्हणाले."

"कैरोला न्या, दुसऱ्याला दाखवा, चार दिवस बघा. आईला एकोणचाळीसच्या वर ताप होता, सुहैर. ती मला अब्बा समजून बोलत होती. मला वाटलं, शंभरातले त्र्याण्णव तर ठीक असतात ना. त्यात आपली आई बसेल. मग तुम्हाला सांगून घाबरवायचं कशाला."

"आणि कागद?" वाएल अजून तिथेच होता. "निदान कागद तरी वाचायचास. चष्मा नव्हता का?"

रिफअत किंचित हसला, पण त्या हसण्यात मजा नव्हती. "मला कुठे चष्मा आहे, वाएल?"

वाएलने संमतीपत्र खाली केलं.

"आकडे येतात," रिफअत म्हणाला. "लाकडांची नावं येतात. माझं नाव लिहिता येतं. चौथीतून काढलं तेव्हा जेवढं येत होतं, त्यातलंही निम्मं गेलं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. हिला माहीत होतं, म्हणून ही तीन दिवस तुमचं ऐकून घेत बसली. आता सांगितलं. झालं."

एवढं बोलून तो जाऊन बायकोशेजारच्या खुर्चीत बसला. इनासने त्याच्याकडे पाहिलं नाही. पण तिने मांडीवरची चादर त्याच्या बाजूला सरकवली, कारण दालनातली थंड हवा नेमकी त्याच कोपऱ्यात येत होती.

*

वाएलला आठवू लागलं, आणि आठवणं थांबेना.

अब्बांची तीन बोटं यंत्राखाली गेली तेव्हा तो जन्मलाही नव्हता. त्याला एवढंच ठाऊक होतं की थोरला भाऊ लहानपणापासून कारखान्यात बसतो, नक्षी कोरतो, आणि त्याच्या पलंगांसाठी कैरोची माणसं येतात. पण कॉलेजचा प्रवेश अर्ज भरताना रिफअत म्हणाला होता, "तूच वाच, चष्मा वर राहिलाय." भाड्याचा करार. अब्बांच्या मृत्यूचा दाखला. वाएलची वकिलीची सनद आली तेव्हा ती हातात घेऊन रिफअत बराच वेळ बघत होता, आणि म्हणाला, "छान अक्षर आहे." वाएलने तेव्हा मित्रांना सांगून हसवलंही होतं: माझा भाऊ सनदेतलं अक्षर बघतो.

त्याने कागद पाकिटात घातले.

तेवढ्यात डॉक्टर वग्दी आले. पन्नाशीचा माणूस, दाढी वाढलेली, पायात रबरी चपला. ते उभ्याने बोलले नाहीत. उरलेल्या पाच रिकाम्या खुर्च्यांपैकी एकीत बसले, दोन्ही रांगांना दिसतील असे.

"रक्तदाब धरलाय," ते म्हणाले. "सलाईन भरपूर चालू आहे. आज रात्री आणि उद्या, हे दोन टप्पे. मूत्रपिंडं जागी झाली तर मी सुटकेचा निःश्वास टाकेन. आज तसं म्हणत नाही."

"काय घडलं ते मला तुमच्याकडून ऐकायचंय," वाएल म्हणाला. पण आवाज खाली गेलेला नव्हता.

"आत शिरायला त्रास झाला. खडा नळीच्या तोंडाशीच होता. वाट दाखवणारी तार दोनदा स्वादुपिंडाच्या नळीत गेली. हे मी लिहून ठेवलंय, तुमच्या प्रतीत आहे. सूज येऊ नये म्हणून औषध आधीच दिलं होतं, त्या नळीत एक बारीक तात्पुरती नळीही ठेवली. तरी झालं."

"चूक कोणाची?"

"मला ती सापडली असती तर मलाही जरा झोप लागली असती." त्यांनी डोळे चोळले. "दोनदा गेल्यावर थांबायचं का, हा प्रश्न मी स्वतःला विचारतोय. पण त्या नळीत पू होता. तो रक्तात उतरला असता, तर त्याचं गणित सातचं नाही. ते उलटं आहे, त्यात थोडेच वाचतात. आठ-दहा दिवस आधी आल्या असत्या तर ताप नसता, मग सगळं सावकाश करता आलं असतं. धोका तेव्हाही होता. पण निदान त्यांच्याशी बोलून करता आलं असतं."

ते उठले. "दोघांनी आत जा. पाचच मिनिटं. त्यांना ऐकू येतं, एवढं ध्यानात ठेवा."

सगळ्यांना वाटलं दोघे भाऊ जातील. सुहैर उठली, पर्स वाएलच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "इनास, चल."

*

आईचा चेहरा प्राणवायूच्या मुखवट्यात अर्धा झाकला होता. पोट ढोलासारखं वर आलेलं. सुहैरने तिचा हात धरला. सुयांची टेपं सोडून जेवढा मिळाला तेवढा. दुसऱ्या बाजूला इनासने सवयीने यंत्राकडे, मग लघवीच्या पिशवीकडे पाहिलं.

"आठ-दहा दिवस," सुहैर म्हणाली.

इनासने सलाईनची नळी सरळ केली.

"तुला माहीत नाही. डोळे पिवळे झाल्यावर मी तिला बाजारातल्या काढेवाल्याकडे नेलं होतं. त्याने चिकोरीचा काढा दिला. म्हणाला, सकाळ-संध्याकाळ, पंधरा दिवस. मी आईला म्हटलं, रिफअतला बोलू नकोस, त्याची बायको लगेच इस्पितळात घालेल." ती मुखवट्याकडे बघत होती. "शाळेत मुलींना मी सांगते, चूक झाली की हात वर करा. आणि तीन दिवस तुझ्याकडे बोट दाखवत बसले, कारण ते खाली केलं असतं तर माझ्याकडेच वळलं असतं."

"मला माहीत होतं," इनास म्हणाली.

"काय?"

"काढा. बाटली पिठाच्या डब्यामागे होती. माझंच स्वयंपाकघर आहे ते."

"मग बोलली का नाहीस?"

इनासला सोपं उत्तर देता आलं असतं. तिने ते दिलं नाही. "भांडण नको म्हणून. मी ओळखलं होतं ते खडे आहेत. तरी तीन दिवस वाट पाहिली. म्हटलं, अबलाचा काढा अबलाच थांबवेल. ताप आल्यावर मग धावले. म्हणजे माझेही तीन दिवस त्यात आहेत."

यंत्र टकटक करत होतं. सुहैरला रडू येईल असं इनासला वाटलं, पण ती रडली नाही. तिने आईच्या कपाळावर आलेली केसांची बट मागे सारली.

"आपण सगळे मिळून हिला किती सांभाळतो," सुहैर म्हणाली.

मुखवट्याखाली नफीसाचे ओठ हलले. दोघी वाकल्या. काय म्हणाली ते दोघींनाही कळलं नाही.

*

नफीसाने तेव्हा पाणी मागितलं होतं. नंतर तिने हे सगळ्यांना सांगितलं: दोघी शहाण्या उशाशी उभ्या राहून पापं कबूल करत होत्या आणि मला घोटभर पाणी कुणी देईना.

शनिवारी दुपारी पिशवीत लघवी दिसू लागली. सोमवारी मुखवटा जाऊन नाकात बारीक नळ्या आल्या. पुढच्या शुक्रवारी तिने चार चमचे दही खाल्लं आणि ते पोटात राहिलं. तोवर पोटात पाणी साठून दोनदा ताप येऊन गेला, दोनदा सगळे पुन्हा खुर्च्यांच्या रांगांत येऊन बसले. पण आता एकाच रांगेत. एकोणीस दिवसांनी ती दमिएत्ताला घरी आली. अकरा किलो वजन गेलं होतं. खालच्या कारखान्यातला रंधा ऐकू आला तेव्हा ती म्हणाली, "धार गेलीय त्याची. कुणी लक्ष देत नाही." आणि मग रिफअतला जिन्यात बसून थोडा वेळ एकटं राहावं लागलं.

तक्रारीचं वाएलने पुन्हा नाव काढलं नाही. कैरोला परत जाताना तो कारखान्यात उतरला. रिफअत एका उशाच्या फळीवर द्राक्षाची वेल कोरत होता.

"अबेह, मला एकदा सांगायचं होतंस."

"काय सांगू? तुझी फी भरतोय म्हणून मला वाचून दाखव म्हणू?" रिफअतने भुसा फुंकला. "आणि तू शिकलास ना. घरातला एक जण शिकला म्हणजे पुरे, असं अब्बा म्हणायचे. दोन शिकले. जास्तच झालं."

"मी हसलो होतो तुझ्यावर. एकदा. तुला माहीत नाही."

"माहीत आहे. तुझ्या त्या मित्राने इथूनच पलंग नेला लग्नाला. त्यानेच सांगितलं." त्याने पटाशी खाली ठेवली. "जा, गाडी चुकेल. पोरीचा फोटो पाठव. फोटो वाचता येतो मला."

आणखी एक गोष्ट उरली होती. नफीसाच्या पित्ताच्या नळीत ठेवलेली प्लास्टिकची नळी काढायची होती, आणि एक खडा आत राहिला होता. तीच दुर्बीण, तेच तोंड, तोच डॉक्टर. दीड महिन्याने या, असं वग्दींनी सांगितलं होतं. दीड महिना जवळ आला तसं घर पुन्हा कुजबुजायला लागलं. सुहैर इनासशी स्वयंपाकघरात बोलायची, इनास रिफअतशी जिन्यात, रिफअत वाएलशी फोनवर. नफीसा सोफ्यावर बसून भेंडी निवडत सगळ्यांची पुटपुट ऐकायची. एका गुरुवारी तिने सुरी ताटात टाकली.

"माझं पोट आहे ना? मग मला वगळून कसली मसलत चाललीय? मागच्या वेळी मी तापात होते, तुम्ही सही केलीत, ठीक केलंत. आता मला ताप नाही. त्या डॉक्टरला म्हणावं, मला सांग. यांना नको."

"तुला भीती वाटेल, आई," रिफअत म्हणाला.

"वाटेल तर वाटेल. नवऱ्याची तीन बोटं मी फडक्यात गुंडाळून आणली होती. तेव्हा कुणी विचारलं होतं का, नफीसा, भीती वाटते का?"

*

डॉक्टर वग्दींनी तिला कागदावर चित्र काढून दाखवलं. दोन नद्या, एक मुख. दमिएत्ताच्या बाईला हे समजावायला वेळ लागला नाही; नाईल समुद्राला कुठे मिळते ते ती लहानपणापासून बघत आली होती.

"मागच्या वेळी शंभरातले सात," ती म्हणाली. "त्यांत मी होते. बाकीचे सहा कसे आहेत?"

"बहुतेक बरे होऊन घरी गेले. सगळ्यांचं असं म्हणता येत नाही."

"आणि आता?"

"आता वाट मोकळी आहे. शंभरातले दोन, फार तर तीन. शून्य नाही. एकदा झालेल्याला पुन्हा होऊ शकतं, हेही सांगतो. आणि केलं नाही तर नळी बुजेल, पुन्हा पू होईल."

नफीसाने विचार केला. घाईने नाही, मासळी निवडावी तसा उलटून पालटून. मग तिने अंगठा पुढे केला. शाईची डबी इनासने धरली.

अकराला आत नेलं, पावणेबाराला बाहेर आणलं. खडा निघाला होता, नळी निघाली होती. पण मागच्या वेळीही बाहेर आणलं तेव्हा सगळं छानच होतं. म्हणून चौघे पलंगाभोवती उभे राहिले आणि कुणी घड्याळाकडे बघत नाही असं दाखवत राहिले. एक वाजला. दोन वाजले.

"असे काय माझ्या पोटाकडे बघताय?" नफीसा म्हणाली. "बसा की."

कुणी बसलं नाही.

"दुखतंय का, आई?" सुहैरने विचारलं, सहज विचारल्यासारखं.

नफीसाने चौघांची तोंडं पाहिली. 'नाही' म्हणणं फार सोपं होतं. आयुष्यभर ती तेच म्हणत आली होती. बारशाच्या रात्रीही, बरगडीखाली हात दाबून, पाहुण्यांना आणखी वाढत.

"थोडं दुखतंय," ती म्हणाली. "वरच्या बाजूला. मघापासून."

सुहैरने तोंडावर हात नेला. इनासने घंटी दाबली. डॉक्टर आले, त्यांनी पोट दाबून पाहिलं, पाठीकडे कळ जाते का विचारलं, रक्त काढायला सांगितलं आणि निघून गेले. दीड तास लागला. त्या दीड तासात वाएलने दोनदा चहा आणला आणि दोन्ही वेळा तो तसाच थंड झाला.

चारच्या सुमाराला वग्दींनी दारातून रिफअतला खुणावलं. तो बाहेर गेला. दरवाज्याच्या काचेतून दोघांची डोकी दिसत होती. डॉक्टर बोलत होते, रिफअत मान हलवत होता. एकदा त्याने काहीतरी पुन्हा विचारलं. मग आणखी एकदा विचारलं, बोटांवर मोजत.

तो आत आला तेव्हा भावंडांकडे न जाता सरळ पलंगाशी गेला आणि आईसमोर स्टुलावर बसला.

"ऐक," तो म्हणाला. "रक्तातला स्वादुपिंडाचा आकडा थोडा वर आहे. नेहमीच्या दुप्पट. मागच्या वेळी एवढ्याच तासांनी तीसपट होता. दुप्पट बऱ्याच जणांचा होतो, त्याला आजार म्हणत नाहीत. दुखणं बहुधा आत भरलेल्या हवेचं आहे, रात्रीपर्यंत जाईल. पण ते 'बहुधा' म्हणाले, 'नक्की' म्हणाले नाहीत. सकाळी पुन्हा रक्त बघतील. रात्रीत दुखणं वाढलं, पाठीत गेलं, उलटी झाली, तर लगेच सांगायचं, सहन करायचं नाही. आज इथेच राहायचं. पाणी आत्ता मिळेल, घोट घोट. खाणं सकाळचा आकडा बघून."

तो थांबला. पलंगाच्या पलीकडे सुहैर, वाएल आणि इनास त्याचं बोलणं ऐकत होते. 

नफीसाने त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. कपाळापासून हनुवटीपर्यंत.

"आणखी काही म्हणाला?"

"नाही, आई," रिफअत म्हणाला. "एवढंच. सगळं सांगितलं."

"मग पाणी दे," ती म्हणाली.